कासवांत पगार किती?

मार्चमध्ये दादाचा फोन आला. "तू तिला समजाव. तुझं ऐकते ती."

ती म्हणजे माझी भाची. झूऑलॉजीत एम.एस्सी. करतेय आणि पुढे पीएच.डी. करणार म्हणते, तीही समुद्री कासवांवर! दादाचा प्रश्न साधा होता, "कासवांत पगार किती?" वहिनीचा त्याहून साधा, "रात्री-अपरात्री समुद्रावर एकटी फिरणार का ही?"

मग काय, तिच्याबरोबर दोन दिवस वेळासला गेले. (समजवायलाच. खरंच!)

वेळास म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलं नाना फडणवीसांचं गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साथीने इथं ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. मादी रात्री येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. ती अंडी उचलून कुंपण घातलेल्या जागेत पुन्हा पुरतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात.

सकाळी टोपली उचलली तर खाली एकच पिल्लू. बाकी मंडळी फोटो काढत होती आणि आमची बाई कुंपणापाशी उभ्या काकांना विचारत होती, "इथं सावली किती वाजेपर्यंत असते?"

रात्री ओटीवर बसून तिने मला सांगितलं. कासवांत नर की मादी हे अंडी उबतानाच्या तापमानावर ठरतं. वाळू जास्त गरम तर माद्या जास्त, थंड तर नर जास्त. मग आपण अंडी वाचवतो ती जागा मूळच्या घरट्यापेक्षा गरम असेल तर? समुद्र तापतोय तसे नर कमी होत जातील का? हे कळायला वाळूत तापमापक पुरून हंगामामागून हंगाम नोंदी ठेवायला हव्यात.

"मग कळेल?"
"थोडंसं."

मी तीस वर्षं बँकेत काढली. ३१ मार्चला हिशोब जुळला पाहिजे एवढंच मला ठाऊक. 'थोडंसं कळण्यासाठी' कोणी उमेदीची वर्षं घालवतं, हे पचायला जडच गेलं.

मग तिने गुहागरच्या कासवाची गोष्ट सांगितली. जानेवारी २०२५ मध्ये तिथं अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या परावर धातूची पट्टी सापडली. नंबर ०३२३३. शोध घेतला तर ती पट्टी २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली! पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगवेगळी, असा तोवर समज होता. ओडिशात हजारो कासवांना अशा पट्ट्या लावल्या गेल्या. त्यातल्या एकीचं उत्तर चार वर्षांनी, देशाच्या दुसऱ्या टोकाला मिळालं. ज्याने त्या रात्री ती पट्टी लावली, त्याचा त्या मार्चला कुठला हिशोब जुळला असेल?

असो. पगाराचंही विचारलंच मी. नेटमधून फेलोशिप मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, घरभाडं वेगळं. डेहराडूनची वन्यजीव संस्था, बंगलोरचं एनसीबीएस अशा ठिकाणी अर्ज करायचा, पण जागा मोजक्या. शिवाय कासव कायद्याने पहिल्या अनुसूचीत, त्यामुळे संशोधनासाठी हात लावायचा तरी वनखात्याची परवानगी हवी.

"आणि फेलोशिप संपल्यावर?"
"ते माहीत नाही, आत्या."

तिने मला गुलाबी चित्र रंगवून दाखवलं असतं तर मी तिथंच समजावलं असतं. पण जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणाली, आणि माझी बोलती बंद झाली.

घरी आल्यावर दादाला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ३७ हजार, पाच-सहा वर्षं, पुढचं ठाऊक नाही. रात्रीच्या गस्तीला गावातलं माणूस बरोबर असेल, असं ती स्वतःच म्हणाली, तेही सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं, फोन कट झाला.

मग म्हणाला, "तिला एक चांगली बॅटरी घेऊन द्यायला हवी."

म्हटलं, "लाल उजेडाची घे. पांढरा उजेड कासवांना चालत नाही."