उन्हाळ्यात भरलेली नदी

'उन्हाळा' हा शब्द कोशात एकाच अर्थाने नांदत असला, तरी भूगोल त्याला निरनिराळे अर्थ देतो. आमच्या केदारखेड्यात उन्हाळा म्हणजे पूर्णेचे उघडे पडलेले वाळूचे पात्र, हापशाभोवती मांडलेली भांडी, टँकरची वाट, लग्नसराई आणि मृगाआधी उरकायची नांगरट-वखरणी. सुट्टी याच दिवसांत येते खरी. पण ती शाळेला असते, शेताला नसते. मामाच्या गावाला जाणे हाच आमच्या बालपणीचा प्रवास, आणि मामाचे गावही अजिंठ्याच्या त्याच डोंगररांगेच्या छायेत, तशाच कोरड्या ओढ्याकाठी. थंड हवेच्या ठिकाणी जाऊन उन्हाळा 'घालवणे' ही कल्पना आमच्यापर्यंत पोचली ती पुस्तकांतून आणि हिंदी चित्रपटांतून.

एम.ए.च्या वर्गात आम्ही प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवतो, तेव्हा एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून देतो. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' हा काही सहलीचा वृत्तान्त नव्हे. दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल या आशेने उत्तरेत गेलेला आणि 1857 च्या धामधुमीत सापडलेला तो एक गरजवंत ब्राह्मण आहे. निसर्ग पाहण्यासाठी म्हणून घर सोडणे ही नंतरची, पोटाची चिंता मिटलेल्या वर्गाची रीत. त्या वर्गात आता आम्हीही मोडतो, हे मान्य करूनच पुढचे लिहीत आहोत.

2023 च्या ऑक्टोबरअखेर शासनाने ज्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत आमचा भोकरदन तालुका होता. त्या दुष्काळाच्या मे महिन्यात, 2024 साली, आम्ही दोघे आईला घेऊन काश्मीरला गेलो. जालन्याहून सचखंड एक्स्प्रेसने अमृतसर आणि तिथून रस्त्याने जम्मू, बनिहाल, श्रीनगर. बनिहालचा बोगदा ओलांडला आणि हवा, झाडे, माणसांचे पोशाख, सारेच बदलले. आई मात्र खिडकीतून एकच गोष्ट पाहत होती: रस्त्याकडेच्या पाटांतून वाहणारे पाणी.

दल सरोवरात शिकाऱ्यात बसल्यावर आम्ही दोघे डोंगरांची प्रतिबिंबे न्याहाळत होतो. आईने बराच वेळ चौफेर पाहून विचारले, "एवढं पाणी हाय, अन् एक मोटर कुठं दिसंना. मंग ह्या पाण्याचं करतेत तरी काय?"

शिकारेवाल्याला हा प्रश्न आम्ही हिंदीत सांगितला. तो हसला नाही. "माँजी, सवेरे आइए," एवढेच म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने आम्हाला सरोवरातल्या भाजीबाजारात नेले. भाजीने लादलेल्या होड्या एकमेकींना भिडल्या होत्या आणि होडीतूनच होडीत तोलून माल जात होता. परतताना त्याने तरंगत्या बागा दाखवल्या. पाणवनस्पतींच्या थरांवर माती चढवून केलेली ही शेते. त्यांना तिथे 'राद' म्हणतात, आणि ती दोर बांधून एका जागेहून दुसरीकडे ओढून नेता येतात. कमळाचे देठ, म्हणजे 'नदरू', हेही तिथले पीकच. आई म्हणाली, "हे तर आपलं रानच की. नुसतं खाली पाणी."

आमच्या दृष्टीने त्या प्रवासातला हा महत्त्वाचा क्षण होता. तोवर दल हे आमच्यासाठी 'सरोवर' होते, संस्कृत काव्यातून आलेला, कमळे आणि हंस यांच्यासह येणारा शब्द. गावच्या बोलीत मात्र तळे आहे, डोह आहे, बंधारा, पाझर तलाव, शेततळे आहे. यांतला जवळजवळ प्रत्येक शब्द पाण्याचा उपयोग तरी सांगतो, नाही तर त्याची खोली. आमच्या ओळखीचे एकच मोठे नैसर्गिक सरोवर लोणारचे, आणि त्याचे पाणी खारे. नुसते पाहण्याचे पाणी आमच्या भाषेला फारसे भेटलेलेच नाही. हे भाषेचे दारिद्र्य आहे असे आम्हाला वाटत नाही. पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांनी 'रानातल्या कविता' (1967) मध्ये जो निसर्ग आणला, त्याचे बळ याच भाषेत आहे. पाऊस तिथे दुरून पाहिलेला देखावा नसतो. पेरणी करून बसलेल्या माणसाचा तो पाऊस असतो.

पहलगामला लिद्दर नदी भर मे महिन्यात दुथडी वाहत होती. आमच्या नद्या पावसाने भरतात, ही उन्हाने भरते. दुपार चढली की वितळत्या बर्फाने तिचा जोर वाढतो. तिला पाणी पुरवणारी कोलहाई हिमनदी मात्र गेली काही दशके आक्रसत आहे. आमच्या घोडेवाल्याने आणखी एक सांगितले. त्या वर्षीच्या जानेवारीत गुलमर्गच्या उतारांवर बर्फच नव्हते, ते फार उशिरा पडले. आम्ही टँकरची वाट पाहत होतो, त्याच हिवाळ्यात तिकडे लोक बर्फाची वाट पाहत होते. दुष्काळ या शब्दाची त्याला फोड करून सांगावी लागली नाही.

त्यानंतर वर्षाच्या आत, 22 एप्रिल 2025 रोजी, पहलगामजवळच्या बैसरन कुरणात 26 जणांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्रातले सहा पर्यटक होते आणि एक स्थानिक घोडेवालाही होता. त्या दिवशी वृत्तवाहिन्यांवर 'स्वर्गात रक्तपात' असे शब्द पुन्हा पुन्हा कानी आले. काश्मीरला स्वर्ग, नंदनवन म्हणण्याची सवय जुनी आहे. पण स्वर्गात कोणी घोडा हाकत नाही, भाजी तोलत नाही, बर्फ न पडल्याची काळजी करत नाही. त्या शब्दाने तिथली राबणारी माणसे आधीच चित्राबाहेर ठेवलेली असतात.

सौंदर्य पाहू नये, असा याचा अर्थ नव्हे. दलवर पसरलेले पहाटेचे धुके आम्ही आजही विसरू शकत नाही. परंतु प्रवासवर्णनाच्या तासाला आता पुस्तक उघडण्याआधी आम्ही विद्यार्थ्यांना आईचा प्रश्न विचारतो: या पाण्याचे इथले लोक करतात तरी काय? ज्या लेखकाला तो प्रश्न पडला होता, त्याची पाने कोणती, हे पूर्णाकाठची मुले फार लवकर ओळखतात.