कोर्टाची तारीख आणि अर्धं तिकीट

परवा जुन्नरच्या कोर्टात तारीख होती. गुन्हा किरकोळच. डोक्यावर हेल्मेट नाही, लायसन घरी. तरी आदल्या रात्री झोप नाही. पर्समध्ये ८०० रुपये, वकील कुठून करू?

आत्या म्हणाली, "अगं, तालुका विधी सेवा समितीत विचार की!" १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मला हे चाळिशीत कळलं!

लायसन, चलनाचा कागद, डबा घेऊन नारायणगावहून एसटीने निघाले. २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट, तेवढीच बचत. वकीलबाईंनी आधीच बजावलं होतं, "ताई, चूक सरळ कबूल करा." केली. दंड भरला.

उरलेल्या पैशात हेल्मेट काही येईना. तोवर स्कूटी दारात, मी एसटीत.