शिंपले मोजले, मासे राहिले

उन्हाळ्यात भीमेचे पाणी खाली गेले की गाणगापूरच्या संगमाजवळ वाळूत शिंपले उघडे पडतात. लहानपणी आई त्यातलाच एखादा दगडावर घासून त्याला मधोमध भोक पाडायची आणि त्याने कैऱ्या सोलायची. धाकट्या भावाला दूधही शिंपीनेच पाजलेले. त्यामुळे शिंपला म्हणजे नदीने फुकट दिलेली, कधी न संपणारी वस्तू, असे डोक्यात पक्के बसले होते. पुढे बी.एस्सी.ला युनिओ नावाचा नदीचा शिंपला शिकलो. त्याच्या अळीचे नाव ग्लोचिडियम. दोन इवल्या झडपा आणि मधे एक धागा, ही आकृती मी परीक्षेपुरती पाठ केली आणि परीक्षेनंतर विसरलो. अफजलपूर तालुक्यातल्या शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवले, तेव्हाही शिंपल्याचे कवच, कल्ले आणि पाय एवढेच फळ्यावर काढत आलो. ती अळी पोरांना कधी सांगितली नाही.

निवृत्तीनंतर मोतीशेतीचे खूळ शिरले. तंत्र खोटे नाही. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेत 1980च्या दशकात ते बसवले गेले आणि त्यावर मोती खरोखर होतात. मी मात्र ते शिकलो दोन दिवसांच्या एका खासगी वर्गात. तिथे भर होता तो मोती परत विकत घेण्याच्या करारावर. शिंपला कसा जगतो यावर अर्धा तासही कोणी बोलले नाही, आणि शिक्षक असूनही मी विचारले नाही. शिंपले कुठून आणायचे, तर तुमच्या नदीतून. नदी आमच्या शेताला लागूनच, तेव्हा हा खर्च वाचला म्हणून मी उलट खूशच झालो.

एका कोळ्याला मजुरी देऊन पोत्यांनी शिंपले काढले. आमच्याकडे दोन प्रकार सहज दिसतात. एक लांबट, पातळ, काळपट हिरवा, तळहाताएवढा; शास्त्रात त्याला लॅमेलिडेन्स म्हणतात. दुसरा लहान, जाड कवचाचा, डोक्याकडे सुरकुत्या असलेला, तो पॅरेसिया. मोत्याला लांबट हवा. मोठा असेल तितका चांगला, म्हणून मोठे मोठे निवडून घेतले. कोळीमामा पोती भरता भरता त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, "मास्तर, हे समदे म्हातारे हाईत. पोरं कुठं हाईत ह्यांची?" मला ती गंमत वाटली. म्हातारे तर म्हातारे, मला मोठेच हवे होते. त्या सगळ्या उद्योगात जीवशास्त्राचा खरा प्रश्न तेवढा एकच विचारला गेला, आणि तो विचारणारा माणूस शाळेत फार शिकलेला नव्हता.

मोत्यांचे थोडक्यात सांगतो. शिंपला चिमट्याने किंचित उघडून आत गणपतीच्या आकाराचा साचा सरकवायचा, मग वर्ष-दीड वर्ष वाट पाहायची. माझा हात बसला नव्हता, बरेच शिंपले मेले. उरलेल्यांतून निघालेले गणपती सोंडेअभावी ओळखू येत नव्हते. करार करणाऱ्यांचा फोन तोवर लागेनासा झाला होता. पैसे गेले, त्याचे दुःख केव्हाच संपले. खरी चूक त्याच्या पुढची आहे.

मनात आले, मोती नाही तर नाही, शिंपल्यांची पैदास करून लोकांना विकू. शेततळे होतेच. तळाला प्लास्टिक, वाळूचा कण नाही. हिरवे पाणी हे शिंपल्यांचे अन्न, ते मासे खाऊन टाकतील म्हणून पावसाळ्यात शिरलेले बारके मासे मी जाळी लावून मुद्दाम बाहेर काढले. मग पिल्लांची वाट पाहत बसलो. साल उलटले, पिल्लू एकही नाही. पाणी मात्र इतके गर्द हिरवे झाले की वास यायला लागला, तेव्हा शेजाऱ्याच्या सल्ल्याने कटला आणि रोहूची बोटुकली आणून सोडली.

काही आठवड्यांनी बोटुकल्यांच्या परांवर आणि कल्ल्यांवर पांढरे, मिठाच्या कणासारखे ठिपके दिसू लागले. रोग! मी तळ्यात मीठ टाकले, लाल औषध टाकले. पुढे ठिपके गेले. मासे बरे केल्याचा अभिमान असा की औषधाचे प्रमाण कागदावर लिहून शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटले. एक मेलेले बोटुकले शाळेच्या प्रयोगशाळेत फॉर्मलिनच्या बाटलीत ठेवून दिले आणि बाटलीवर 'पांढरे ठिपके रोग' अशी चिठ्ठी डकवली.

गुलबर्गा विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकणारी आमची एक माजी विद्यार्थिनी सुटीत आली होती. तिने त्या बोटुकल्याचा पर सूक्ष्मदर्शकाखाली धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "सर, हा रोग नाही. ही तुमचीच पिल्ले आहेत."

दोन झडपा, परावर घट्ट मिटलेल्या. पाठ केलेली आकृती तीच.

नदीच्या शिंपल्याची गोष्ट अशी आहे. नर बीज पाण्यात सोडतो, मादी ते श्वासाच्या पाण्याबरोबर ओढून घेते आणि अळ्या आपल्या कल्ल्यांत वाढवते. मग त्या बाहेर सोडते. या अळीला पोहता येत नाही. तिला मासा गाठावा लागतो. त्याच्या कल्ल्याला किंवा पराला ती चावा घेऊन चिकटते, माशाची कातडी तिच्यावर वाढून तिला झाकते, आणि आत काही दिवस किंवा काही आठवडे राहून तिचे पूर्ण शिंपल्यात रूपांतर होते. मग ती गळून तळाच्या वाळूत पडते. मासा मिळाला नाही तर थोड्या दिवसांत संपते. भलता मासा मिळाला तर त्याचे अंगच तिला झटकून टाकते. काही जातींना बरेच मासे चालतात, काहींना एखाददुसराच. पायाने सरपटून शिंपला आयुष्यात किती जाणार? तो नदीत वर पसरतो तो माशाच्या अंगावर बसून. म्हणून कुठला शिंपला कुठे सापडतो याचा नकाशा काढायचा तर आधी माशांचा नकाशा काढावा लागतो.

मिठाचे मला नंतर कळले. प्रयोगशाळेत अळ्या जिवंत आहेत का हे बघायला पाण्यात चिमूटभर मीठच टाकतात; जिवंत अळी झटकन मिटते. माझ्या तळ्यात मासा शोधणाऱ्या अळ्यांनी मीठ लागताच झडपा मिटून घेतल्या असणार, आणि मिटलेली अळी काही धरू शकत नाही. मासे नव्हते तेव्हा पिल्ले उपाशी मारली, मासे आले तेव्हा औषध घालून मारली. त्यातून एखादे वाचून खाली पडले असते तरी तिथे प्लास्टिकच होते.

थोडा दिलासा इतिहासाने दिला. लेव्हेनहुक या डच सूक्ष्मदर्शकतज्ज्ञाने सतराव्या शतकातच शिंपल्याच्या पोटातल्या या अळ्या भिंगातून पाहून ती त्याची पिल्ले म्हणून ओळखली होती. तरी शंभर वर्षांनी, 1797 साली, राथके नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने त्यांना शिंपल्यावर जगणारा परजीवी ठरवले आणि नावही तसेच दिले. ग्लोचिडियम हे नाव त्या चुकीतूनच आले. अर्थात राथकेने त्यांच्यावर लाल औषध ओतले नव्हते.

यानंतर मी कोळीमामांकडे गेलो. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला दोघे नदीत उतरलो, या वेळी चाळणी घेऊन. शिंपल्याच्या कवचावर वाढीच्या रेषा असतात, त्यावरून वयाचा अंदाज येतो. तळहाताएवढे सापडत होते. बोटभर लांबीचे क्वचित. नखाएवढा जिवंत एकही हाताला लागेना. म्हणजे मामा म्हणाले होते ते बरोबर होते. तो वृद्धाश्रम होता, आणि त्यातले धडधाकट मीच पोत्यात भरून नेले होते. शिंपले विरळ झाले की नराचे बीज मादीपर्यंत पोचणेही अवघड होते, हे तेव्हा डोक्यात आले नव्हते.

मग मासे. मामांच्या सांगण्याप्रमाणे पूर्वी पहिल्या लोंढ्याबरोबर चढणीचे मासे येत. कोळस, शिंगाडा, वाम. आता जाळ्यात मुख्यतः चिलापी, ती मुळातली आफ्रिकेची, 1952 साली भारतात आणलेली. शिवाय सोडलेले कटला-रोहू, तेही मूळचे गंगेकडचे. या नदीचे आपले मासे कोणते, याची यादी कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 ते 1841च्या दरम्यान छापली. दख्खनभर हिंडताना त्याने इथल्या कोळ्यांच्या तोंडची नावे तशीच लॅटिनमध्ये घातली: खुद्री, कोळस, नुक्ता. ती यादी वाचून दाखवत मामांना एकेक नाव विचारले. काही नावांवर ते नुसते हसले, म्हणाले आज्जा सांगायचा. माझ्या सगळ्या नोंदवहीत कामाचे पान ते एवढेच.

नदीच्या वरच्या अंगाला उजनी धरण 1980 साली झाले. खाली आमच्या तालुक्यात सोन्नचा बंधारा, घत्तरगीचा, खुद्द गाणगापूरचा पुलासह बंधारा. तिकडे संगमावर भीमेला मिळणाऱ्या अमरजेवर कोरळ्ळीचे धरण. ऊस त्यावरच उभा आहे, माझाही, तेव्हा बंधाऱ्यांना शिव्या देण्याचा अधिकार मला नाही. पण अडवलेल्या पाण्याखाली गाळ बसतो, बारका शिंपला गाळात गुदमरतो, आणि त्याची पहिली काही वर्षे जिथे जायची ती वाळू ट्रॅक्टरने आधीच गेलेली असते. दुष्काळी साली नदी कोरडी पडते ते वेगळेच.

अमेरिकेत मिसिसिपीवर हे पूर्ण घडून गेले आहे. आयोवातल्या मस्कटीन गावात 1891च्या सुमारास जॉन बोपल नावाच्या जर्मन कारागिराने शिंपल्यांपासून शर्टाची बटणे काढायला सुरुवात केली आणि गाव बटणांवर श्रीमंत झाले. बटणाला सगळ्यात चांगला शिंपला म्हणजे एबनीशेल, आणि त्याच्या अळीचा मासा म्हणजे स्किपजॅक हेरिंग, नदीत खालून वर येणारा. 1913 साली किओकुकला धरण पुरे झाले, मासा खालीच अडला. वरचे एबनीशेल त्या दिवशी मेले नाहीत. हा प्राणी दीर्घायुषी आहे, ते कित्येक दशके तसेच नदीत बसून राहिले, पिल्लांवाचून. नुसते शिंपले मोजणाऱ्याला तिथेही सगळे ठीक दिसले असते.

मला दिसले होतेच. मोतीशेतीच्या उत्साहात मी एका स्थानिक दिवाळी अंकात लेख लिहिला होता: संगमाजवळ शिंपल्यांचे ढीग आहेत, म्हणजे भीमा निरोगी आहे. पुरावा म्हणून काठावरच्या ढिगाचा फोटो. शिंपला मेल्यावरही कवच वर्षानुवर्षे टिकते. तो ढीग निरोगीपणाचा नव्हता, तर आधीच्या मेलेल्यांचा होता. लेखाचे कौतुक झाले. दुरुस्ती मी पाठवली, ती छापून आली नाही, आणि मीही पुन्हा मागे लागलो नाही.

शेवटची चूक पुण्य म्हणून केली. गाणगापुरात माणसे पापे सोडायला येतात, कित्येक जण अंगावरचे कपडेही नदीत सोडून जातात. मी उरलेले शिंपले सोडले, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथे उतरायला सोपे होते तिथे. तळ गुडघाभर गाळाचा. त्यांना काढले होते त्या वाळूच्या पट्ट्यावर, वाहत्या पाण्यात, एकेक करून रोवायला हवे होते. पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी कवचे उघडी पडलेली दिसली.

मोतीशेतीच्या जाहिराती अजून येतात, आमच्या भागातल्या तरुणांचे फोनही येतात. त्यांना एवढेच सांगतो. पहिल्याच दिवशी विचारा, शिंपले कुठून आणायचे? पैदास केलेले, म्हणजे माशांच्या अंगावर वाढवलेले देणार असतील तर पुढचे बोला. नदीतून काढा असे उत्तर आले, तर फी भरू नका.