पूर ओसरल्यानंतरची भिंत

सोलापूर आणि पूर हे दोन शब्द एका वाक्यात आले की पुण्या-मुंबईच्या मित्रांना गंमत वाटते. "दुष्काळी जिल्हा ना रे तुमचा?" हो, दुष्काळीच. पण २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, ऐन नवरात्रात, सीनेने तो समज धुऊन काढला. वरच्या भागातला पाऊस आणि धरणांतून सोडलेलं पाणी एकदमच खाली आलं. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर, सगळीकडे नदीकाठची गावं पाण्यात. लांबोटीला पुण्याचा रस्ता बंद, वडकबाळला विजयपूरचा बंद.

पिकं गेली, जनावरं गेली, मातीसुद्धा खरवडून गेली. त्याबद्दल बरंच लिहून आलं. मला लिहायचंय ते त्यामानाने किरकोळ वाटेल अशा गोष्टीबद्दल: घराची बाहेरची भिंत.

माझ्या आत्याचं घर सीनेकाठी आहे. जुनं, माळवदाचं. भिंती दोन फूट जाड, बाहेरून-आतून दगड आणि मधे मातीची भर. वीसेक वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला, त्यामुळे दिसायला एकदम पक्कं. पाणी तीन फुटांपर्यंत चढलं आणि दोन दिवस राहिलं. उतरल्यावर बघतो तर भिंत जशीच्या तशी! फक्त मळकट पाण्याची एक रेघ. पंचनाम्यालाही तेच लिहिलं गेलं. लिहिणाऱ्याला दोष नाही, त्या दिवशी भिंत उभीच होती.

पुढे दिवाळी महिन्यावर आलेली. आतेभाऊ म्हणाला, "दादा, खालचे पोपडे काढून सिमेंट मारतो, वरून रंग. सणाला घर असं नको दिसायला." आत्याचंही तेच मत. नाही म्हणाले ते आमचे गवंडीमामा. त्यांनी नाण्याने भिंत ठोकून पाहिली. वर खणखणीत, खाली बद्द. "आता हिला झाकू नका. पाणी अजून आत हाय. भिंत पुरात पडत नसती, ऊन पडल्यावर पडती."

प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर एरर आज येते, क्रॅश नंतर होतो. पूर असताना बाहेरचं पाणी भिंतीला एका बाजूने थोडा आधार देत असतं. नदी झपाट्याने उतरते, पण भिंतीच्या पोटातली भर ओलीच. ती जड होते, खाली बसते आणि दगडांना बाहेर ढकलते. सिमेंटच्या कवचामुळे ओल बाहेर पडू शकत नाही, मग ती वर चढते. त्यात आपली काळी माती! ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. म्हणजे पायाखालची जमीन हलते तीसुद्धा पूर गेल्यावर, महिन्या-दोन महिन्यांनी.

अमेरिकेतल्या लाकडी घरांचंही फार वेगळं नाही. तिथे बाहेरून प्लास्टिकच्या पट्ट्यांचं साइडिंग असतं. पुरानंतर ते धुतलं की नव्यासारखं दिसतं, आणि मागचं लाकूड कुजत राहतं.

तर मामांनी सांगितलेलं आणि मी वहीत मांडलेलं असं:

१. पाण्याच्या रेघेवर पेन्सिलने खूण करून तारीख टाका. दर रविवारी ओल कुठवर आहे ते पाहा. रेघेच्या वर सरकत असेल तर भिंत अजून पाणी पितेय.

२. वरती खिळा ठोकून ओळंबा सोडा. दोरी आणि भिंत यांतलं अंतर वर, मधे, खाली मोजा. मधलं अंतर कमी होत गेलं तर भिंतीला पोट सुटतंय. मग तिच्याजवळ कोणी झोपायचं नाही, आधी टेकू.

३. भेगेच्या दोन्ही टोकांना खुणा करा. खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारी भेग वाढत असेल तर पाया बसतोय.

४. पांढरा खार फुटला तर कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर तो परत आत जातो.

५. जोत्याजवळची माती वाहून गेली असेल तिथे मुरूम भरून चोपा, उतार घरापासून बाहेर ठेवा.

आमच्या भिंतीची मोजमापं वहीत आहेत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मधलं अंतर चार इंच. दिवाळीत साडेतीन. नोव्हेंबरच्या शेवटी पावणेतीन! रंग मारला असता तर हे कळलंच नसतं. आत्याचा पलंग त्याच भिंतीला लागून होता. तो पहिल्या आठवड्यातच मामांनी हलवायला लावला, आत्या कुरकुरली तरी.

डिसेंबरमध्ये टेकू देऊन मधला आठ फुटांचा भाग उतरवला. आतली भर चिखलासारखी होती, बाहेरचे आणि आतले दगड एकमेकांना धरून नव्हतेच. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला अशाच भिंती पडल्या होत्या. त्यानंतर दोन्ही बाजू जोडणारे आडवे लांब दगड किंवा काँक्रीटचे बांध घालण्यावर भर दिला गेला. मामांनी तेच केलं. खालचं सिमेंट ओलीच्या एक फूट वरपर्यंत खरवडून काढलं आणि भिंत तशीच उघडी ठेवली. चुन्याचा गिलावा उन्हाळा गेल्याशिवाय नाही. चाळीसच्या वरचं सोलापुरी ऊन एवढ्यासाठी तरी उपयोगी!

आता पंचनाम्याचं. २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या आपत्ती निकषांत अंशतः पडझडीला किमान १५ टक्के नुकसान धरलं होतं. पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्याला ४,०००. खर्चापुढे ही रक्कम काहीच नाही, पण नोंद झाली नाही तर तीही नाही. आणि पाण्यानंतर आठ दिवसांत झालेल्या नोंदीत दोन महिन्यांनी सुटणारं पोट येणार कुठून? आम्ही तारखांचे फोटो आणि ओळंब्याची मापं जोडून फेरपाहणीचा अर्ज दिलाय. बघू.

तुमच्या ओळखीत कोणाचं घर पाण्यात गेलं असेल तर एवढंच सांगा: सण आहे म्हणून भिंत झाकू नका. एक ओळंबा, एक पेन्सिल, दर रविवारची पाच मिनिटं. आणि पलंग आजच हलवा.