युकॉनवरचे दिवस (भाग दुसरा): थांबा नदी ठरवते

मागच्या अंकात आम्ही लबार्ज सरोवराच्या पूर्व काठावर, वारा पडायची वाट बघत अडकलो होतो. ज्यांनी तो भाग वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कॅनडाच्या वायव्य टोकाला युकॉन नदी, व्हाइटहॉर्स ते डॉसन असा सुमारे सव्वासातशे किलोमीटरचा पाण्याचा रस्ता, एक कनू आणि दोन माणसं. पुढे मी, मागे भाचा. कनूत पुढचा नुसतं वल्हं मारतो, दिशा मागचा ठरवतो. ज्याचं लहानपण देवगडच्या खाडीत होडीत गेलं त्या मामाला हे पचायला दोन दिवस लागले.

दिवस तिसरा: लबार्ज सरोवर

पहाटे चारला तंबूवर टिचक्या. "मामा, वारा पडलाय. आत्ता निघालो तर निघालो."

जुलैत इथे पहाटे चारला लख्ख उजेड असतो. सरोवर लांबीला पन्नास किलोमीटर आणि रुंदीला दोन ते पाच. दुपारी वारा सुटला की मधल्या पाण्यात भरसमुद्रासारख्या लाटा उठतात. म्हणून शहाणी माणसं पहाटे निघतात आणि काठ सोडत नाहीत. पाणी इतकं गार, की होडी उलटली तर तुम्हाला पोहता येतं का हे कुणी विचारत नाही; हातपाय किती मिनिटं हलतील एवढंच बघायचं.

हे सरोवर कॅनडात घराघरांत माहीत आहे ते एका कवितेमुळे. रॉबर्ट सर्व्हिस व्हाइटहॉर्सच्या बँकेत नोकरीला होता. 'द क्रिमेशन ऑफ सॅम मॅगी' ही त्याची कविता १९०७ साली छापली गेली. जन्मभर थंडीला शिव्या घालणारा एक सोनंशोध्या थंडीनेच मरतो. मित्र त्याला दिलेला शब्द पाळायचा म्हणून याच काठावर अडकलेल्या बोटीच्या बॉयलरमध्ये जाळतो. थोड्या वेळाने दार उघडून बघतो, तर मढं आत उबेला मजेत बसलंय आणि दार लाव म्हणतंय. सॅम मॅगी हे नाव मात्र बँकेच्या एका खऱ्या, जित्याजागत्या खातेदाराचं होतं. पत्र्यासारख्या सपाट पाण्यावर ही गोष्ट भाच्याला सांगितली. तो म्हणाला, "मामा, आधी वल्हं मारा, गोष्टी नंतर."

दुपारी सरोवराच्या तोंडाशी, लोअर लबार्जला पोचलो. पडकी लाकडी घरं, गवतात एका जुन्या स्टीमरचा सांगाडा. इथून पुन्हा नदी सुरू.

दिवस चौथा: थर्टी माइल

आजचा दिवस अख्ख्या प्रवासातला सर्वांत देखणा. सरोवर ते टेस्लिन नदीचा संगम एवढ्या तीस मैलांच्या पट्ट्याला नावच थर्टी माइल. १९९१ पासून त्याला कॅनडाच्या वारसानदीचा दर्जा आहे. सगळा गाळ सरोवरात बसलेला असतो, त्यामुळे पाणी निळसर हिरवं आणि तळाचे गोटे मोजता येतील इतकं नितळ. होडी जागच्या जागी आहे आणि गोटेच खालून पळताहेत असं वाटतं. वळणं इतकी आवळलेली, की तासभर सूर्य एकदा डाव्या खांद्यावर तर एकदा उजव्या.

आज पहिल्यांदा थांबायला शिकलो. हसू नका. खाडीत वल्हं थांबवलं की होडी थांबते. इथे ताशी आठ-दहा किलोमीटरची ओढ. काठ आवडला म्हणून नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, त्याच्याकडे वळवली, तर वळेपर्यंत तो काठ मागे गेलेला असतो. त्यासाठी एडी शोधावी लागते. खडकाच्या किंवा वळणाच्या आडोशाला पाणी उलटं फिरून वरच्या दिशेला जातं, ती एडी. दोन पाण्यांच्या मध्ये शिवण घातल्यासारखी एक रेघ दिसते. ती जोरात ओलांडायची, नाळ आत गेली की उलटं पाणी तिला धरतं, मागचं टोक गर्रकन फिरतं आणि तोंड वरच्या दिशेला करून होडी काठाला अलगद टेकते. पहिल्या दोन खेपा चुकल्या. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा भाच्याने "मामा, झकास!" असं खास मराठीत म्हटलं. कॅलगरीत वाढलेल्या पोराकडून हे प्रमाणपत्र मोठंच.

दिवस पाचवा: हूटालिंक्वा

टेस्लिन उजवीकडून येऊन मिळाली आणि कालचं नितळ पाणी गढूळलं. संगमावर हूटालिंक्वा. १८९८ साली बर्फ फुटल्यावर सोन्यामागे निघालेल्या सात हजारांहून अधिक होड्या इथूनच गेल्या, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला इथे घोडेस्वार पोलिसांचं ठाणं होतं.

थोडं खाली एक बेट आहे. काठाला होडी बांधून पायवाटेने आत शिरलो आणि स्प्रूसच्या दाटीत समोर अख्खी आगबोट! 'एव्हलिन' तिचं नाव. हिवाळ्यात बर्फापासून वाचवायला म्हणून वर ओढली, ती पुन्हा पाण्यात उतरलीच नाही. शंभरेक वर्षं झाली. फळ्यांमधून झाडं वर आली आहेत. माझ्या डोळ्यांपुढे बंदरावर शाकारून ठेवलेल्या होड्या आल्या. फरक एवढाच, की त्यांना नारळीपौर्णिमा असते.

व्हाइटहॉर्सला काठावर जपून ठेवलेल्या 'क्लॉन्डाइक' बोटीवर एक हिशेब वाचला होता. व्हाइटहॉर्सहून डॉसनला प्रवाहाबरोबर जायला सुमारे छत्तीस तास, वाटेत लाकडासाठी एखाद-दुसरा थांबा. परतीला, प्रवाहाविरुद्ध, चार-पाच दिवस आणि लाकडासाठी सहाएक थांबे. या बोटींचं सगळं इंधन लाकूड. म्हणून काठाने लाकूडतोड्यांचे अड्डे होते: सपाट किनारा, बोट टेकेल एवढी खोली, मागे जंगल. आज आमच्या नकाशावर तंबूची खूण आहे त्यातल्या बऱ्याच जागा म्हणजे हेच जुने अड्डे. आम्ही ज्याला 'काय सुंदर जागा!' म्हणतो, ती कुणीतरी पाठीवर ओंडके वाहून निवडलेली आहे.

दिवस सहावा: चुकलेला थांबा

आज बिग सॅमनला उतरायचं होतं. बिग सॅमन नदीच्या मुखाशी ओस पडलेलं जुनं गाव, लाकडी खोल्या, उत्तम जागा. आम्ही मधल्या बेटाच्या डाव्या बाजूने गेलो. बेट संपलं तेव्हा उजव्या काठावरची घरं दिसली, आणि बघता बघता मागे पडली. चूक माझी. पुढे बसून पाणी बघायचं सोडून मी घारीसारखा मोठा पक्षी बघत होतो.

"परत वर मारू या का?" मी विचारलं.

"मामा, ह्या ओढीला उलटं? आगबोटी चार दिवस घ्यायच्या."

शेवटी गोट्यांच्या एका उघड्या बेटावर तंबू टाकला. वारा खेळता, म्हणून डास नाहीत. वल्हेकरी बेटं पसंत करतात त्याचं कारण हेच. तंबूपासून शंभर पावलं लांब चूल मांडून पिठलं टाकलं. अस्वलांच्या मुलखात स्वयंपाक आणि झोप एका जागी करत नाहीत. हिंगाची फोडणी बसली तसा भाचा चारी दिशांना बघायला लागला. मी म्हटलं, "इथल्या अस्वलाला हिंग कुठला माहीत!" तो म्हणाला, "तीच तर भीती. बघायला येईल."

झोपण्यापूर्वी त्याने पाण्याच्या अगदी कडेला एक काटकी रोवली आणि होडी ओढून झुडपाला बांधली. सकाळी काटकी पाण्यात वीतभर आत होती. वर कुठेतरी पाऊस झाला असावा. आमच्यावर थेंब पडला नव्हता. होडी बांधली नसती तर ती आमच्याआधी डॉसनला पोचली असती.

दिवस सातवा: लिटल सॅमन

ओढ्यांनी कापलेल्या काठांवर, गवताच्या मुळांखाली, एक पांढरी रेघ दिसू लागली. पोळीच्या जाडीपासून हाताच्या जाडीपर्यंत, मैलोन् मैल. सुमारे साडेअकराशे वर्षांपूर्वी अलास्काच्या सीमेलगतच्या ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला, त्याची ही राख. नदीवरची माणसं तिला गमतीने सॅम मॅगीची राख म्हणतात. भाच्याने आता ती गोष्ट स्वतःहून पुन्हा सांगायला लावली.

लिटल सॅमनची दफनभूमी काठावरून दिसते; थडग्यांवर छोटी छोटी रंगीत घरं. आत जाऊ नये अशी तिथल्या लोकांची इच्छा आहे. आम्ही होडीतूनच हात जोडले, फोटो काढला नाही.

या गावांच्या नावांतला सॅमन बेरिंग समुद्रातून येतो. आपल्याकडे रावसाला इंडियन सॅमन म्हणतात, पण तो मासा वेगळा. इथला चिनूक सॅमन अंडी घालायला काही न खाता तीन हजार किलोमीटर प्रवाहाविरुद्ध चढतो. आम्ही ज्या दिशेने घसरत चाललो आहोत त्याच्या बरोब्बर उलट. त्याची संख्या इतकी घटली, की २०२४ साली अलास्का आणि कॅनडाने मिळून सात वर्षं त्याची मासेमारी बंद ठेवायचं ठरवलं. काठावर मासे वाळवायच्या मांडवांचे नुसते खांब दिसले. रिकाम्या वलंद्यांसारखे. समुद्रकाठच्या माणसाला हे बघवत नाही.

दिवस आठवा: कारमॅक्स

गाव, पूल, गरम पाण्याची आंघोळ, बटाट्याचे तळलेले काप. याहून जास्त लिहिण्यासारखं काही केलं नाही आणि करायचंही नव्हतं.

दिवस नववा: फाइव्ह फिंगर

या दिवसाची भीती व्हाइटहॉर्सपासून पोटात होती. नदीच्या पात्रात चार प्रचंड खडक उभे आहेत आणि त्यांच्यामधून पाणी पाच वाटांनी घुसतं, म्हणून पाच बोटं. वाट एकच धरायची: अगदी उजवीकडची. वरच्या दिशेला जाणाऱ्या आगबोटींना इथे लोखंडी दोराला धरून, यंत्राने ओढून घ्यावं लागे.

खडक दिसायच्या आधीपासून उजवा काठ धरला. जवळ आल्यावर आधी आवाज आला, मग पाणी चक्क उतारावरून खाली जाताना दिसलं. "मधोमध, मामा, मधोमध! आणि वल्हं थांबवू नका!" जीभ बाहेर काढल्यासारखा गुळगुळीत पाण्याचा एक पट्टा, त्याच्या टोकाला तीन-चार उभ्या लाटा. पहिली लाट माझ्या मांडीवर, दुसरी छातीवर. तिसरीपर्यंत आम्ही बाहेर. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. वरच्या सज्ज्यातून पर्यटक हात हलवत होते. ते महामार्गावरून दोनशेवर पायऱ्या उतरून तिथे येतात. आम्ही होडीतलं पाणी उपसत हात हलवला.

दिवस दहावा: मिंटोपर्यंत

रिंक रॅपिड्स उजव्या काठाने सहज पार. दिवसभर पाऊस. मिंटोला ओल्या तंबूत ओले कपडे.

दिवस अकरावा: फोर्ट सेलकर्क

उजवीकडून पेली नदी येते, आणि तिच्या पुढे काळ्या बसाल्टची सरळसोट भिंत कित्येक किलोमीटर काठाने चालत राहते. सह्याद्रीचा माणूस हा दगड लांबून ओळखतो. समोर डाव्या काठाच्या उंच माळावर गाव: ओळीने लाकडी घरं, शाळा, चर्च, दुकान. गवत कापलेलं, खिडक्या जागेवर. फक्त माणसं नाहीत.

जागा नॉर्दर्न टुचोनी लोकांची. किनाऱ्यावरचे चिल्कॅट व्यापारी डोंगर ओलांडून यांच्याशी देवघेव करत. १८४८ मध्ये हडसन्स बे कंपनीच्या रॉबर्ट कॅम्बेलने इथे ठाणं टाकलं, म्हणजे चिल्कॅटांच्या पोटावर पाय. १८५२ मध्ये त्यांनी येऊन ते लुटलं. सोन्याच्या धामधुमीत सरकारने दोनशे सैनिक पाठवले. मग आगबोटींचं गजबजलेलं गाव झालं. १९५० च्या दशकात डॉसनचा रस्ता झाला, तो इथून लांबून गेला. आगबोटी बंद पडल्या, आणि गाव उठून रस्त्याकडे गेलं. आज सेलकर्क फर्स्ट नेशन आणि युकॉन सरकार मिळून ते जपतात.

रात्री साडेदहाला, दिव्याशिवाय, शाळेच्या पायरीवर बसून हे लिहितोय. अकरा दिवसांत ज्या ज्या ठिकाणी आम्ही 'वा!' म्हटलं ते प्रत्येक ठिकाण आमच्याआधी कुणाच्या तरी पोटापाण्याचं होतं. त्यामुळे कुणी वाचक इथे येणार असाल तर निसर्गरम्य जागांच्या याद्या घरी ठेवा. नकाशावर लाकडाचे अड्डे, नदीमुखं, जुनी गावं शोधा. काटकी रोवा, होडी बांधा. आणि थांबा दिसण्याच्या दोन वळणं आधीपासून काठ धरा, पक्षी बघू नका.

डॉसन अजून पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. फोर्ट सेलकर्कला आजही रस्ता नाही.

(पुढील अंकात: व्हाइट रिव्हर ते डॉसन)