स्लोव्हेन द्विवचन: काही टिपणे

स्लोव्हेनमध्ये टेबलाला ‘मिझा’ म्हणतात. एक मिझा, दोन मिझी, तीन-चार मिझे, पाच मिझ. पाचापासून नाम षष्ठीच्या अनेकवचनात जाते. शंभराच्या पुढे मोजणी नव्याने सुरू होते: 101 ला एकवचन, 102 ला द्विवचन. 21 ला मात्र तसे होत नाही, कारण आपल्या ‘एकवीस’सारखाच तिथेही एक आधी आणि वीस नंतर बोलला जातो.

*

‘देलाम’ म्हणजे मी काम करतो, ‘देलावा’ म्हणजे आम्ही दोघे, ‘देलामो’ म्हणजे आम्ही सगळे. शाळेत संस्कृतचे पठामि, पठावः, पठामः घोकलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. नातेही खरेच आहे: हा ‘व’ आणि हा ‘म’ दोन्हीकडे एकाच आदिभाषेतून आले. आपल्याकडे प्राकृतांनीच द्विवचन टाकले, त्यामुळे मराठीच्या वाट्याला ते आलेच नाही. रशियनमध्ये दोन, तीन, चार यांच्यापुढे येणाऱ्या नामरूपात त्याची खूण तेवढी उरली.

*

पाय दुखतात तेव्हा स्लोव्हेन माणूस द्विवचन वापरत नाही, साधे अनेकवचन वापरतो. पाय दोनच असतात, ते सांगायचे कशाला? ‘दोन्ही’ असे मुद्दाम म्हटले की द्विवचन येते. म्हणजे निसर्गातल्या जोड्यांपेक्षा बोलणाऱ्याने मनात केलेल्या मोजणीशी त्याचा संबंध जास्त. व्याकरणातली इतकी नाजूक जाण मला फार मोलाची वाटते.

*

लुसियँ तेनियेर हे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ. वाक्यरचनेवरचा त्यांचा मोठा ग्रंथ 1959 मध्ये, मृत्यूनंतर निघाला, आणि जग त्यांना त्यासाठीच ओळखते. पण 1925 मध्ये त्यांनी स्लोव्हेन द्विवचनावर आख्खे पुस्तक लिहिले होते, सोबत नकाशेही दिले होते. नकाशे लागतातच. प्रमाण व्याकरणाच्या तक्त्यात द्विवचन सगळीकडे सारखे दिसते, बोलींत नाही. कित्येक बोलींत स्त्रीलिंगी नामांचे द्विवचन अनेकवचनात मिसळून गेले आहे, पुल्लिंगी अजून टिकून आहे. एकच व्याकरणिक कोटी लिंगागणिक वेगवेगळ्या वेगाने झिजते, हे तक्ता कधीच सांगणार नाही.

*

सुमारे वीस लाखांची भाषा आणि बोलींचे सात गट! डोंगरदऱ्या आणि जर्मन, इटालियन, हंगेरियन यांचा शेजार ही त्यामागची मोठी कारणे.

*

इटलीतले रेझियाचे खोरे; तिथेही स्लोव्हेनची एक बोली बोलतात. पोलिश भाषाशास्त्रज्ञ यान बोदुएँ द कुर्तने 1873 मध्ये तिथे गेले आणि 1875 मध्ये तिथल्या ध्वनींवर त्यांचा रशियन ग्रंथ आला. तिथल्या वेगळ्या स्वरांमागे तुराणी, म्हणजे उरल-अल्ताई भाषांचा, प्रभाव असावा, हा त्यांचा तर्क पुढे टिकला नाही. त्यांनी गोळा केलेले रेझियन बोलीचे नमुने मात्र 1895 मध्ये छापले गेले आणि आजही उपयोगी पडतात. बोली-अभ्यासात हे वारंवार घडते, म्हणून माणसे जसे बोलतात तसेच उतरवून घेणे हे मी सिद्धान्ताच्या वरचे काम मानतो.

*

स्लोव्हेन भाषाशास्त्रज्ञ फ्रान रामोव्श यांनी 1934 मध्ये स्लोव्हेन भाषिक नकाशासंग्रह योजला. पहिला खंड 2011 मध्ये आला: शरीर, आजार, कुटुंब. दुसरा 2016 मध्ये, शेतघरावर. चारशेहून अधिक ठिकाणे, त्यांत सरहद्दीपलीकडची गावेही आहेत. पुढच्या खंडांचे काम ल्युब्ल्यानात चालू आहे.