उंबरठ्यापलीकडची माया

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी तुम्ही कधी गेलात, तर क्लाइड नदी, विद्यापीठाचा उंच मनोरा आणि केल्व्हिनग्रोव्हचे संग्रहालय तुम्हांला कोणीही दाखवील. माझी विनंती एवढीच, की त्याबरोबर एखाद्या जुन्या इमारतीचा जिनाही पाहा. तांबड्या किंवा मधाच्या रंगाच्या वालुकाश्मात बांधलेल्या, तीन-चार मजल्यांच्या या इमारतींना तेथे टेनेमेंट म्हणतात. रस्त्यावरच्या दारातून आत शिरले, की सामाईक बोळ आणि दगडी जिना लागतो. त्याला ग्लासगोकर ‘क्लोज’ म्हणतात. प्रत्येक मजल्यावर दोन-तीन बिऱ्हाडे, आणि मागच्या बाजूला कपडे वाळत घालण्याचे सामाईक परस. चाळीत वाढलेल्या माणसाला हे सारे ओळखीचे वाटेल. करोनाच्या काळात या शहराची कुटुंबे कशी जगली, हे मला या जिन्यावर आणि या परसातच उमगले.

शहराच्या दक्षिण भागातील अशाच एका इमारतीत मी पहिल्या मजल्यावर राहत होते. दुसऱ्या मजल्यावर ब्याऐंशी वर्षांच्या एक आजी एकट्या राहत. तेथील रीतीप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारी. मनात मात्र आजीच म्हणे. त्यांची मुलगी आणि मुलगा दोघेही याच शहरात, वेगवेगळ्या टोकांना राहत. दर रविवारी दोन्ही कुटुंबे आजींकडे जेवायला जमत आणि मसुराच्या डाळीच्या सुपाचा वास खालपर्यंत दरवळे.

२३ मार्च २०२० रोजी टाळेबंदी जाहीर झाली आणि रविवार थांबले. दिवसातून एकदाच व्यायामासाठी बाहेर पडण्याची मुभा होती, आणि सत्तरी ओलांडलेल्यांनी विशेष जपावे, अशी सूचना होती. आजींचा किराणा मी आणू लागले. किराणा आणण्याला ग्लासगोत ‘मेसेजेस’ आणणे म्हणतात, हे तेव्हा मला प्रथम कळले. पिशवी दाराशी ठेवायची, घंटा वाजवायची आणि अर्धा जिना खाली उतरून उभे राहायचे. आजी दारात खुर्ची घेऊन बसत. मग आमच्या चार गोष्टी होत. मुलांनी रंगवलेली इंद्रधनुष्ये खिडक्याखिडक्यांतून दिसू लागली होती. दर गुरुवारी रात्री आठ वाजता आरोग्यसेवकांसाठी लोक दारा-खिडक्यांत उभे राहून टाळ्या वाजवत. मार्चमधील पहिल्या गुरुवारी त्या वेळी गडद अंधार होता. मेअखेरच्या शेवटच्या गुरुवारी त्याच आठ वाजता लख्ख ऊन होते. काळ पुढे सरकतो आहे, याची तेवढीच खूण आम्हांला होती.

वाचकहो, येथे एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे. आम्ही सारे आजींच्या पोटाची काळजी घेत होतो. त्यांच्या औषधांचीही घेत होतो. पण मेच्या मध्यावर एक दिवस कचऱ्याची पिशवी घेऊन त्या खाली यायला निघाल्या, आणि पाच-सहा पायऱ्यांवरच कठड्याला धरून थबकल्या. सात-आठ आठवड्यांपूर्वी हाच जिना त्या रोज चढत-उतरत होत्या. आजारी त्या एक दिवसही पडल्या नव्हत्या. प्रेमाने आम्ही त्यांची सगळी कामे हातची काढून घेतली होती, आणि त्या कामांबरोबर त्यांच्या पायांतले बळही गेले होते. उतारवयात स्नायू वापरले नाहीत तर फार लवकर क्षीण होतात. मग तोल जातो, पडण्याची भीती बसते, आणि त्या भीतीने हालचाल आणखी कमी होते.

त्यांच्या मुलीने फोनवरून त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला घेतला. उपाय अगदी साधा निघाला. भक्कम खुर्चीतून, हातांचा आधार शक्य तितका कमी घेऊन, उठायचे आणि सावकाश बसायचे. ओट्याला धरून टाचा वर उचलायच्या. आणि रोज दोन-दोन पायऱ्या वाढवत जिना उतरायचा, चढायचा. किराणा मी आणायचाच, पण पिशवी दाराशी न ठेवता पहिल्या वळणावरच्या पायरीवर ठेवायची, म्हणजे आजींना खाली यावे लागेल, असे ठरले. पहिल्या दिवशी ते मला निष्ठुरपणाचे वाटले. जूनमध्ये आजी परसात पोहोचल्या, तेव्हा ते वाटेनासे झाले.

२९ मेपासून दोन कुटुंबांना उघड्यावर, दोन मीटर अंतर राखून भेटता येऊ लागले. मुलगा बायको-मुलांसह परसात आला. एके काळी या परसांत खेळणाऱ्या मुलांना आया वरच्या खिडकीतून जॅम लावलेला पाव कागदात गुंडाळून टाकत असत. आजींनी तसाच पाव नातवंडांसाठी खिडकीतून खाली सोडला, आणि मगच कठडा धरून त्या खाली उतरल्या. कपड्यांच्या खांबांमधले अंतर तीन पावलांचे. ते कोणीही ओलांडले नाही.

त्यानंतर १९ जूनला एक सवलत आली, आणि तिने सगळ्यांत अवघड प्रश्न उभा केला. एकट्या राहणाऱ्या व्यक्तीला दुसऱ्या एका कुटुंबाशी जोडून घेता येईल, त्यांच्या घरी जाता येईल, मुक्कामही करता येईल आणि अंतर राखावे लागणार नाही, असा तो नियम होता. तीन महिने कोणाचाही स्पर्श न झालेल्या माणसाला याहून मोठी देणगी कोणती? पण कुटुंब एकच निवडायचे होते. आजींना लेक होती आणि लेकही होता. हे घर की ते घर, याचे उत्तर कोणत्या आईने द्यावे?

आजींनी आठवडाभर उत्तर दिले नाही. मी विचारले, तर हवेविषयी बोलू लागल्या. अखेर मुलानेच परसातून सांगितले, की तो बस चालवतो, रोज शेकडो माणसांच्या संपर्कात येतो, तेव्हा आईने ताईच्या घराशी जोडून घ्यावे. हे बोलताना तो हसत होता. आजी मान हलवत राहिल्या. त्या रात्री आजींच्या खिडकीत बराच वेळ दिवा होता. दुसऱ्या दिवशी मुलगी आली, जिना चढली आणि दार उघडताच तिने आईला कवटाळले. मी खालच्या वळणावर होते. कोणीच काही बोलले नाही.

जुलैच्या दहा तारखेपासून घरात भेटण्याची मोकळीक मिळाली आणि मुलगाही वर येऊ लागला, अंतर राखून, खिडकी उघडी ठेवून. ते सुख जेमतेम साडेसात आठवडे टिकले. रुग्ण वाढू लागल्यामुळे १ सप्टेंबरच्या मध्यरात्रीपासून ग्लासगोत एकमेकांच्या घरी जाण्यावर पुन्हा बंदी आली. जोडलेली कुटुंबे आणि अत्यावश्यक शुश्रूषा एवढेच तिला अपवाद. तेव्हा दोन आठवड्यांची वाटलेली ती बंदी नऊ महिने चालली.

उत्तरेकडचा हिवाळा हा केवळ थंडीचा नसतो, तो अंधाराचा असतो. डिसेंबरात सूर्य पावणेनऊला उगवतो आणि पावणेचारला मावळतो. अशा दिवसांत वृद्धांचे मन खचू नये, म्हणून दुपारी बाराच्या सुमारास, उजेड असेल तेव्हा, आजींनी बाहेर पडायचेच, असा मुलीने नेम ठेवला. जवळच्या क्वीन्स पार्कच्या टेकडीवर झेंड्याचा एक खांब आहे. तेथून सारे शहर आणि पलीकडचे डोंगर दिसतात. आजी टेकडीपर्यंत जात नसत, फाटकाजवळच्या बाकापर्यंत जात. पण रोज जात. हिवाळ्यात तेथील आरोग्यखाते ड जीवनसत्त्वाची दहा मायक्रोग्रॅमची दैनिक मात्रा सुचवते. सावळ्या त्वचेच्या आणि बहुतांश घरातच राहणाऱ्या माणसांना ती वर्षभर सुचवली जाते. (आपल्याकडे मात्र ही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, जास्त मात्रा अपायकारक ठरते.)

नाताळच्या एका दिवसापुरती घरी भेटण्याची परवानगी होती. मुलाला येता आले असते. पण विषाणूचा नवा, अधिक वेगाने पसरणारा प्रकार आल्याचे नुकतेच जाहीर झाले होते, आणि त्या आठवड्यात त्याने बस चालवली होती. तो आला तो परसातच. डोक्यावर कागदी मुकुट घालून नातवंडांनी खालून गाणे म्हटले, आणि आजी खिडकीत उभ्या राहून ऐकत राहिल्या.

फेब्रुवारीत आजींना लशीची पहिली मात्रा मिळाली, वसंतात दुसरी. १७ मे २०२१ रोजी स्कॉटलंडच्या बहुतेक भागांत घरात भेटण्याची मुभा परत आली. तासाभराच्या अंतरावरील एडिंबरोत आजी-आजोबा नातवंडांना घरात घेऊ लागले. पण ग्लासगोच्या दक्षिण भागात, पुढे ज्याला डेल्टा म्हटले गेले तो विषाणू पसरत असल्यामुळे आमचे शहर वगळले गेले. त्या दिवशी आजी प्रथमच चिडल्या. ‘माझ्याकडे किती रविवार उरलेत, हे कोणी मोजलंय का?’ असे त्यांनी मला विचारले. माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. नियमांनी माणसे वाचवली, हे मी मानते. आणि ब्याऐंशीव्या वर्षी हरवलेले नऊ महिने हे तिशीतल्या नऊ महिन्यांसारखे नसतात, हेही मानते.

५ जून २०२१, शनिवार. ग्लासगोची बंदी उठली. सकाळीच मुलगा बायको-मुलांसह आला. मुले दोन-दोन पायऱ्या एकदम चढत वर धावली. मुलगा मात्र सावकाश चढला आणि दाराशी येऊन थांबला, इतक्या महिन्यांच्या सवयीने. आजींनी त्याचा हात धरला आणि त्याला आत घेतले. दुपारी मसुराच्या सुपाचा वास खाली आला.

वाचकहो, साथ सरली, तरी उंबरठे सर्वच घरांत असतात. मुले परदेशी असतात, शेजारच्या खोलीतला मुलगा कामात गढलेला असतो, सून दोन्ही आघाड्यांवर थकलेली असते. तुम्ही कोणाची शुश्रूषा करीत असाल, तर जेवण आणि औषधे दिल्यावर आणखी दोन गोष्टी पाहा: आज त्या व्यक्तीचे पाय चालले का, आणि आज तिचा हात कोणी हाती घेतला का. आणि तुम्ही स्वतःच वयाने वडील असाल, तर जी कामे आपल्याला झेपतात, ती प्रेमापोटीही कोणाला सगळीच देऊन टाकू नका. छातीत दुखणे, घेरी येणे असे काही होत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नसेल, तर पहिल्या वळणापर्यंतच्या पायऱ्या उतरा. कोणी ना कोणी तेथे तुमची वाट पाहत असेल.